हाताची घडी, तोंडावर बोट – पण ताईंचं

ताई,

चार महिन्यांपूर्वी आमच्याकडचं मुलींचं स्काउटिंगचं पथक माझ्या गळ्यात पडलं. आधीच्या ताईंची बदली झाली. 'कोणी पुढे आलं नाही तर पथक बंद करावं लागेल' असं पालकसभेत सांगितलं, सगळ्यांनी माना मोबाइलमध्ये घातल्या आणि माझा हात वर गेला. सात ते दहा वयाच्या 19 मुली आहेत. माझी आठ वर्षांची लेकही त्यांच्यातच. मदतीला तसं कोणी नाही, कधीमधी एक आजी येऊन बसतात.

दर आठवड्याच्या सभेसाठी मी आदल्या रात्री बारा-बारापर्यंत कागद कापत, चित्रं काढत बसते. मुली ते दहा मिनिटांत संपवतात आणि मग जो कल्ला सुरू होतो तो सभा सुटेपर्यंत. ओरडून माझा घसा बसतो. एक मुलगी सगळ्यांवर हुकूम सोडते, तिघी तोंडातून शब्द काढत नाहीत. लेक घरी येऊन म्हणते, 'तू तिथे माझी आई नसतेस.' पालकांच्या ग्रुपवर 'आमच्या हिला अजून एकच बॅज कसा?' चालू असतं. आणि आता सगळ्यांना सुट्टीत एका रात्रीचं शिबिर हवं आहे. मला धड एक गाठ मारता येत नाही! सोडून द्यावं का?

(आणि मला 'तू' म्हणा. अहो-जाहो ऐकलं की जबाबदारी अजूनच वाढल्यासारखी वाटते.)

– घसा बसलेली


घसा बसलेल्या मैत्रिणी,

बरं, 'तू' म्हणते. पथक सोडू नकोस. मात्र तू जे जे करते आहेस त्यातलं निम्मं आजपासून सोड, आणि सुरुवात त्या कात्रीपासून कर.

बारापर्यंत जागून कापलेलं मुली दहा मिनिटांत संपवतात असं तू लिहितेस. संपवतीलच. आखायचं कसं यावर भांडायचं, वाकडं कापायचं, कागद वाया गेला म्हणून हळहळायचं, शेजारणीचा उरलेला तुकडा मागायचा, ही सगळी मजा तू रात्री एकटीनेच करून टाकलीस. त्यांच्या वाट्याला फक्त चिकटवणं आलं. कात्री त्यांच्या हातात दे. चाळीस मिनिटं लागतील, चांदणीला सहा टोकं येतील, घरी न्यायला काही देखणं निघणार नाही. पण त्या चाळीस मिनिटांत कल्ला असेल तो कामाचा असेल. आणि तू झोपलेली असशील.

मी 24 वर्षं अशी पथकं चालवली. त्यातली पहिली तीन मी तुझ्यासारखीच चालवली, म्हणजे मीच चालत होते आणि मुली बघत होत्या. आपण लहानपणी वर्गात 'हाताची घडी, तोंडावर बोट' करून बसलोय ना, ती शिक्षा खरं तर पथकाच्या ताईंना हवी. सभेतली निदान वीस मिनिटं तरी.

हे काही मी नवं सांगत नाही. मुलींचं स्काउटिंग सुरूच मुळी मुलींच्या आगाऊपणातून झालं. 1907 साली स्काउटिंगचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर विसेक मुलगे नेऊन पहिलं शिबिर घेतलं. त्यात मुलगी एकही नव्हती. दोन वर्षांनी, 1909 मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काउटांचा मोठा मेळावा भरला, तर तिथे मुलींचा एक घोळका मिळेल ते टोपी-पोशाख चढवून, कोणी बोलावलेलं नसताना हजर. आम्हीही स्काउट आहोत, म्हणाल्या. त्यांनी आपापसांत गट आधीच पाडलेले होते, सराव चालू होता, मोठ्यांना फक्त ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी, 1910 मध्ये, गर्ल गाइड्स ही स्वतंत्र संघटना निघाली आणि बेडन-पॉवेल यांची बहीण अ‍ॅग्नेस यांनी ती सांभाळली. 1914 मध्ये साधारण तुझ्याकडच्या वयाच्या धाकट्या मुलींसाठी वेगळा विभाग काढला आणि त्याला नाव दिलं 'रोझबड्स', गुलाबकळ्या. मुलींना ते अजिबात आवडलं नाही. कळ्या कसल्या! वर्षभरात नाव बदलून 'ब्राउनीज' करावं लागलं. मला हा किस्सा फार आवडतो. एवढ्याशा मुलींनी नापसंती सांगितली आणि मोठ्यांनी ऐकली, तीही त्या काळात.

तर तुझ्या 19 जणींचं काय करायचं? पहिलं काम, त्यांना 19 राहू देऊ नकोस. 19 मुलींचा जमाव होतो, सहा जणींचा संघ होतो. तीन संघ पाड: सहा, सहा आणि सात. प्रत्येकात दहाची एखादी, सातची एखादी आणि मधल्या, असं मिसळून. जिवलग मैत्रिणींच्या जोड्या मोडू नकोस, पण चौकडी असेल तर दोन-दोन कर. संघाची नावं त्यांनाच ठेवू दे, आणि ठेवलेलं नाव तुला बावळट वाटलं तरी ब्र काढू नकोस; गुलाबकळ्या आठव. स्काउटिंगमध्ये पहिल्यापासून सगळं काम या छोट्या गटांवर चालतं. ब्राउनसीलाही चार गट होते, रानपक्ष्यांची आणि प्राण्यांची नावं लावून. खेळ असो, गाठी असोत की झाडलोट, काम मुलीला मिळत नाही, संघाला मिळतं. संघात कोणी काय करायचं ते संघ ठरवतो.

संघाला खरी कामं दे. 'खरी' म्हणजे ती झाली नाहीत तर अडेल अशी. हजेरी एका संघाकडे, दोऱ्यांची पेटी दुसऱ्याकडे, शेवटचा खेळ निवडणं आणि घेणं तिसऱ्याकडे, आणि महिन्याने अदलाबदल. दोऱ्यांची पेटी आणायला विसरल्या तर त्या दिवशी दोऱ्या नाहीत. तू गाडीत जास्तीची पेटी ठेवायची नाहीस. मी ठेवायची आणि मुलींना ते दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं.

हुकूम सोडणारी मुलगी ही तुझी डोकेदुखी आहे असं तुला वाटतं. माझा अनुभव असा की अशा मुलीला कोणी काम दिलेलं नसतं म्हणून ती सगळ्यांची कामं करत सुटते. तिला संघनायिका कर. घाबरू नकोस. फक्त करताना बाजूला घेऊन तिला एकच गोष्ट सांग: 'संघातली प्रत्येक मुलगी आज निदान एकदा बोलली पाहिजे, आणि कोण काय म्हणाली ते सभा संपल्यावर तू मला सांगायचंस.' आता हुकूम सोडून भागत नाही, ऐकावं लागतं. एका मुलीने पहिल्या आठवड्यात मला येऊन सांगितलं, 'ती काहीच बोलली नाही, मी तिला तीनदा विचारलं.' मी म्हटलं, चौथ्यांदा विचारू नकोस, तिच्या शेजारी बसून काम कर. पुढच्या आठवड्यात धावत आली: 'ताई, तिच्याकडे कासव आहे!' नायिकापद मात्र तीन-चार महिन्यांनी फिरव, नाहीतर तेही जहागिरी होतं.

न बोलणाऱ्या तिघींना 'बोल गं, बोल गं' करू नकोस, आणखी कोणालाही करू देऊ नकोस. मत घ्यायचं असेल तेव्हा हात वर करायला लावण्याऐवजी खडे वापर. तीन डबे मांडायचे, प्रत्येक डब्यावर एका पर्यायाचं चित्र, प्रत्येकीला एक खडा. डबे आडोशाला ठेवायचे आणि एकेकीने जाऊन खडा टाकून यायचं. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा जिच्या आवाजाने छप्पर हलायचं तिच्या आवडत्या खेळाला चार खडे पडले आणि 'रात्री तारे बघायला जायचं' याला 13. तोपर्यंत ताऱ्यांचं नाव कोणी काढलं नव्हतं. मी ते तिसरा डबा रिकामा दिसू नये म्हणून घातलं होतं.

घशाचं औषध सोपं आहे. आपला एक हात वर करून गप्प उभी राहा. जी बघेल तिने हात वर करायचा आणि गप्प व्हायचं. स्काउटिंगमधली ही जुनी खूण आहे. नियम समजावून सांगितल्यावर पहिल्या दिवशी तीन मिनिटं लागतील आणि ती तीन मिनिटं तुला तीन तासांसारखी वाटतील. पण त्या वेळात 'अगं गप्प बसा' असं एकदा जरी तोंडातून गेलं तरी खूण मेली. तीन-चार सभांनंतर पंधरा सेकंद पुरतात. शिट्टी मैदानावरच, आणि तीही क्वचित.

सभा किती वेळाची असते ते तू लिहिलं नाहीस. दीड तास धरते. लवकर येणाऱ्यांच्या हाताला आल्या आल्या काहीतरी काम हवं, नाहीतर गोंधळाची पेरणी तिथेच होते. गोल करून स्काउटिंगचं वचन म्हणायचं, लगेच दमवणारा एक खेळ, मग संघवार काम, मग दुसरा खेळ, शेवटी पुन्हा गोल. शिकवणं खेळानंतर ठेव, आधी ठेवलंस तर ते कोणाच्याच डोक्यात शिरत नाही. आणि खेळ रंगात आला की थांबव, मरेपर्यंत ताणू नकोस, 'अजून एकदा!' असं म्हणत असतानाच थांबवलेला खेळ त्या पुढच्या आठवड्यात स्वतःहून मागतात.

आता गाठ. तुला गाठ येत नाही ही चांगली बातमी आहे, कारण तू मुलींसमोर शिकू शकतेस. अमेरिकेत ज्यांनी गर्ल स्काउट्स सुरू केल्या त्या ज्युलिएट गॉर्डन लो यांनी 12 मार्च 1912 रोजी सवाना गावात 18 मुली गोळा केल्या, तुझ्यापेक्षा एक कमी. बाई तेव्हा 51 वर्षांच्या होत्या आणि त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं. (एका कानाची कथा तर अशी की, लग्नात उधळलेला तांदळाचा दाणा कानात अडकला आणि तो काढताना कान गेला.) त्यांचं अडलं नाही, तुझं गाठीवाचून अडणार नाही.

पहिली गाठ रीफ नॉट घे. दोन रंगांच्या दोऱ्या हव्यात, हे महत्त्वाचं, कारण एकाच रंगात कुठलं टोक कुठे गेलं ते मुलीला दिसत नाही. लाल उजव्या हातात, पांढरी डाव्या हातात. उजवी डावीवर टाकून खालून घ्यायची. आता लाल डाव्या बाजूला गेली. मग डावीकडची, म्हणजे तीच लाल, उजवीवर टाकून खालून घ्यायची. ओढलं की गाठ सपाट बसते, लाल टोक लालच्याच बाजूने बाहेर येतं, पांढरं पांढऱ्याच्या. दोन्ही वेळा उजवीच वर घेतली तर गाठ तिरपी, फुगीर होते. तिला ग्रॅनी नॉट म्हणतात, आणि ती ऐन वेळी निसटते. रीफ नॉट सपाट बसते म्हणून बँडेज बांधायला चांगली. वजन पेलायला किंवा दोन दोर जोडून लोंबकळायला ती वापरायची नाही, हेही त्याच दिवशी सांग, कारण त्यातली एक तरी लोंबकळून बघतेच.

आणि इथे तुझी खरी परीक्षा. एका आठ वर्षांच्या मुलीला ही गाठ जमेपर्यंत मी शेजारी बसून होते. पाच वेळा ग्रॅनी झाली. ती प्रत्येक वेळी ओढून बघायची, तिरपी दिसली की नाक फेंदारून सोडायची. माझे हात इतके शिवशिवत होते की मी ते अक्षरशः मांड्यांखाली घालून बसले. सहाव्यांदा तिने लाल दोरीकडे बघत हळूच म्हटलं, 'तू आत्ता वर होतीस ना, मग आताही तूच वर ये.' नियम तिने आपल्या शब्दांत लावला होता, आणि तो बरोबरच होता: बाजू बदलली तरी दोन्ही वेळा लालच वर. गाठ सपाट बसली. मग तिने ती गाठ संघातल्या पाच जणींना माझ्यापेक्षा लवकर शिकवली, दोरीशी बोलत बोलत. मी तिच्या हातातून दोरी घेऊन 'हे बघ असं' केलं असतं तर ते वाक्य कधी निघालंच नसतं.

ज्यात मुलींना काही विचारायचं नाही असाही भाग असतो, तोही बोलून घेऊ. तू एकटी आहेस हे मला अजिबात आवडलेलं नाही. कधीमधी येऊन बसणाऱ्या आजी मोजणीत धरू नकोस. प्रत्येक सभेला निदान दोन जबाबदार मोठी माणसं हवीतच, आणि बाहेर निघालात तर साधारण सहा-आठ मुलींमागे एक. कुठलंही मोठं माणूस एका मुलीबरोबर बंद खोलीत एकटं नको, तूसुद्धा नकोस. यात कोणावर संशय नाही, हा नियम मुलीला आणि तुलाही सांभाळतो. एखादी पडली, तिला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर बाकीच्या 18 कोणाकडे? दुसरं माणूस मिळेपर्यंत सभा बंद ठेवावी लागली तर ठेव. पालकांना तसं स्पष्ट सांगितलंस की माणूस मिळतं, हा माझा अनुभव. सगळं चालतंय असं दिसलं तर कोण येणार?

पथक तुमच्या देशातल्या मान्यताप्राप्त संघटनेकडे नोंदलेलं आहे ना, ते आधी तपास. गर्ल गाइड्स आणि गर्ल स्काउट्सची जागतिक संघटना 1928 पासून आहे आणि दीडशेच्या वर देशांतल्या संघटना तिच्या सदस्य आहेत. आपल्या संघटनेचं प्रशिक्षण घे, त्यांचे सुरक्षिततेचे आणि विम्याचे नियम वाच, मदतनीसांची चौकशी-पडताळणी त्यांच्या पद्धतीने होऊ दे. प्रत्येक मुलीचा एक कागद हवा: कशाची अ‍ॅलर्जी, कुठलं औषध, दोन फोन नंबर, घ्यायला कोण येणार. फोटो कुठे टाकायचे की नाहीत तेही लेखी. हे कागद कपाटात ठेवून सहलीला जाणाऱ्या ताई मी पाहिल्या आहेत. तुझ्या पाठीवरच्या पिशवीत असू देत.

मोजणीचं एक सांगते, कारण ते मला अजून स्वप्नात दिसतं. एका रानवाटेवर 21 मुली घेऊन गेले होते. परतताना चालता चालता डोकी मोजली: 21. पाच मिनिटांनी सहज पुन्हा मोजली: 20. परत मोजली, 20. पहिल्या वेळी एक मुलगी मागून धावत पुढे गेली होती आणि मी तिला दोनदा मोजलं होतं. दुसऱ्या ताईंकडे बाकीच्या सोपवून मी मागे पळाले. दोन वळणं मागे ती दगडावर बसली होती. बुटाची नाडी सुटली होती आणि तिला ती बांधता येत नव्हती, घरी नेहमी कोणीतरी बांधून देत असे. रडत नव्हती, नाडीला गुंतागुंतीचे पीळ देत होती. ती सात-आठ मिनिटंच असतील, पण मला त्या वेळी कोणी माझं नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तेव्हापासून मी एकटी मोजत नाही. प्रत्येकीची एक जोडीदारीण, ती दिसली नाही तर लगेच ओरडायचं. थांबल्यावर संघनायिका आपला संघ मोजते, मला आकडा सांगते, मी बेरीज करते आणि मग स्वतःही मोजते. नऊ वर्षांच्या मुलीला आपल्या सहा जणींची चेहऱ्यांसकट आठवण असते. मला 21 डोकी दिसत होती, तिला माणसं दिसतात.

प्रथमोपचार तू नीट शीक आणि त्यातलं झेपेल ते त्यांनाही शिकव. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायची नाही, पुढे झुकायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून तोंडाने श्वास घेत दहा मिनिटं बसायचं. भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं, वर काही चोपडायचं नाही. या दोन गोष्टींचं नाटुकलं करायला सांग. रक्तासाठी लाल रिबीन दिलीस तर मुली तासभर मरतील आणि जगतील.

लेकीचं. 'तू तिथे माझी आई नसतेस' हे तिने तुला सांगितलं, यातच बरंच आलं. माझ्या मुलीने मला ते 26व्या वर्षी सांगितलं. पक्षपात दिसू नये म्हणून मी तिला कायम शेवटी संधी द्यायचे. दोरी कमी पडली तर तिची काढून दुसरीला. मला वाटायचं मी न्यायी आहे. तिला वाटायचं, आईला सगळ्या आवडतात, मी सोडून. तू असं कर: सभेपुरती ती तुला सगळ्यांसारखी 'ताई'च म्हणेल असं दोघी मिळून ठरवा, तिच्या संघाकडे शक्यतो दुसऱ्या मोठ्या माणसाला बघू दे, तिला नमुना म्हणून पुढे उभी करू नकोस आणि तिच्यावर जास्त कडकही होऊ नकोस. सभेनंतर घरी जाताना अर्धा तास तिचा. त्यात पथकाचा विषय तिने काढला तर ठीक, तू काढायचा नाहीस. आणि काही महिन्यांनी तिला खरोखरच नको वाटलं, तर तिला दुसऱ्या पथकात किंवा दुसऱ्या छंदात जाऊ दे. तू इथे राहू शकतेस.

बॅजच्या तक्रारींना ग्रुपवर उत्तर देऊ नकोस, विशेषतः रात्री दहानंतर. पालकांना एकदा समोर बोलाव आणि पुढच्या बॅजची पद्धत सांग: मुलीने ठरवलेलं काम स्वतः करायचं, मग आपल्या संघाला करून दाखवायचं. घरून तयार होऊन आलेली वस्तू मोजली जात नाही. संघातल्या मुली याबाबत फार कडक असतात, 'हे तुझ्या बाबांनी केलंय' असं तोंडावर सांगतात. हा नियम आला की ग्रुपवरचे निम्मे संदेश आपोआप बंद होतात. उरलेल्यांना काम दे. एखाद्या बाबांना सायकलची साखळी बसवता येत असेल, एखाद्या आजींना झाडं ओळखता येत असतील. तक्रार करणाऱ्या आईला मी एकदा वर्षभराचा जमाखर्च दिला होता. तिने तो माझ्यापेक्षा फारच चांगला ठेवला आणि बॅजचं नाव पुन्हा काढलं नाही.

आणि शिबिर. घे. पण पहिलं शिबिर तंबूत नको. ओळखीच्या इमारतीत, मोठ्या खोलीत, एक रात्र. पाऊस, साप, भिजलेली पांघरुणं हे पुढच्या वर्षी. दिवसभराचा कार्यक्रम संघांनाच ठरवू दे, तू फक्त वेळ आणि पैसे सांग. सोबत काय आणायचं याची यादी मुली करतील, आणि पिशवी जिची तिनेच भरायची अशी पालकांना लेखी विनंती कर. आईने भरलेल्या पिशवीत बॅटरी कुठल्या कप्प्यात आहे हे मुलीला रात्री सापडत नाही, मग ती दहा जणींना उठवते.

रात्री कोणीतरी रडणार. अंधार पडल्यावर साधारण तासाभरात पहिली, ती रडली की दुसरी. म्हणून झोपेच्या आधी घरी फोन नको. 'आठवण येतेय का गं?' एवढं पलीकडून आलं की इकडे बांध फुटतो. रडणारीला पाणी दे, भिंतीशी शेजारी बस (दुसऱ्या ताईंच्या नजरेसमोर), 'उद्या सकाळी काय काय आहे' ते तिच्याकडून वदवून घे. बहुतेक जणी बोलता बोलता झोपतात. अर्ध्या तासाने शांत झाली नाही किंवा घरी बोलायचंच म्हणाली, तर फोन लाव, घ्यायला येतो म्हणाले तर येऊ दे, आणि सकाळी कोणी विचारलं तर 'तिला घरी झोपायचं होतं, ती दहा वाजता येणार आहे' एवढंच. कोणत्या घरचे रात्री येऊ शकतात ते आधीच विचारून ठेव. अंथरूण ओलं होण्याचंही पालकांना खासगीत विचार. जास्तीच्या चादरी न्यायच्या आणि पहाटे गुपचूप बदलायच्या. नऊ-दहा वर्षांच्या मुलींपैकी एखादीची पाळी पहिल्यांदा तिथेच सुरू होऊ शकते. पॅड कुठे ठेवलेत ते सगळ्यांनाच सांगून टाक, पाण्याची बाटली कुठे आहे हे सांगतो त्याच सुरात.

जमलं तर त्या रात्री दिवे घालवून बाहेर ये आणि तारे दाखव. तुला नक्षत्रं येत नसतील तर तेही त्यांच्यासमोरच शीक.

पुढच्या सभेला काही कापून नेऊ नकोस. दोऱ्या ने. प्रत्येकीला दोन रंगांच्या दोन, साधारण दीड मीटर लांब, करंगळीच्या निम्म्या जाडीच्या. सुती असली तर उत्तम, गुळगुळीत नायलॉनवर नवशिक्याची गाठ टिकत नाही. कापलेली टोकं लगेच उसवतात, त्यांना चिकटपट्टी गुंडाळावी लागते. 38 दोऱ्या, 76 टोकं. आदल्या रात्री बसून गुंडाळशील, ओळखते मी तुला. राहू दे, मुली गुंडाळतील.

– ताई